जुन्या परदेशी इंजिनाची माहिती कशी शोधावी

विहिरीवरचे, गुऱ्हाळावरचे किंवा पिठाच्या गिरणीतले जुने विलायती ऑइल इंजिन बंद पडले म्हणजे घरात पहिला प्रश्न निघतो तो खर्चाचा, आणि दुसरा निघतो मिस्त्री केव्हा येणार याचा. मिस्त्री येतो, इंजिनाभोवती एक फेरी मारतो, आणि पुष्कळदा सांगतो, "याचं सामान आता मिळत नाही." मग ते इंजिन वर्ष-दोन वर्षे गोणपाटाखाली पडून राहते आणि शेवटी भंगाराच्या भावाने जाते. गावोगावी आता विजेच्या मोटारी आल्या आहेत हे खरे; पण जेथे वीज वेळेवर येत नाही, किंवा जेथे हंगामापुरतेच काम असते, तेथे असे इंजिन अजूनही कामाला येते. म्हणून ते मोडीत काढण्यापूर्वी थोडा विचार करावा, एवढ्यासाठी आजचे हे भाषण.

"सामान मिळत नाही" या वाक्याची जरा फोड करून पाहू. लोखंड ओतणारे कारखाने कोल्हापुरासारख्या ठिकाणी पुष्कळ आहेत. लेथवर बुश काढून देणारा कारागीर बहुतेक प्रत्येक तालुक्याच्या गावी भेटतो. राजकोटच्या बाजूला तर जुन्या विलायती घडणीच्या इंजिनांचे भाग कित्येक वर्षे तयार होत आले आहेत. तेव्हा अडते ते धातूपाशी नाही आणि कारागिरीपाशीही नाही. अडते ते येथे की, कोणता भाग, कोणत्या मापाचा, कोणत्या जागी आणि किती मोकळीक ठेवून बसवायचा, हे कोणाला नक्की ठाऊक नसते. म्हणजे तुटवडा असतो तो माहितीचा. आणि माझे म्हणणे असे आहे की, ही माहिती बहुधा नाहीशी झालेली नसते. ती चार-पाच ठिकाणी विखुरलेली असते. ती क्रमाने गोळा करता येते. हे काम इंग्रजी वाचू शकणारा शिक्षक आणि हात चालवणारा मिस्त्री या दोघांनी मिळून केले तर फार चांगले होते.

उदाहरण म्हणून आपण लिस्टरचे इंजिन घेऊ. इंग्लंडात ग्लॉस्टरशायर परगण्यात डर्सली नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १८६७ साली आर. ए. लिस्टर यांचा कारखाना निघाला. १९२९-३०च्या सुमारास या कारखान्याने सावकाश फिरणारे, एका सिलिंडरचे, उभे डिझेल इंजिन बाजारात आणले. त्यातले सहा हॉर्सपॉवरचे इंजिन फार प्रसिद्ध झाले. मिनिटाला ६५० फेरे, सिलिंडरचा व्यास साडेचार इंच, पिस्टनची चाल साडेपाच इंच, आणि दोन बाजूंना दोन जड फ्लायव्हील. हे इंजिन जगभर गेले आणि आपल्याकडेही आले. पुढे १९६५ साली तो कारखाना हॉकर सिडले या मोठ्या कंपनीकडे गेला, आणि १९८६ साली पेटर या दुसऱ्या जुन्या नावाशी त्याची जोडणी होऊन लिस्टर-पेटर अशी कंपनी झाली. इकडे राजकोटला त्याच घडणीची इंजिने निघाली. परिणाम असा झाला की, "लिस्टर" हे नाव एका कारखान्याचे न राहता एका जातीच्या इंजिनाचे होऊन बसले.

यातच पहिली अडचण आहे. एखादा माणूस दुकानात जाऊन "सहा हॉर्सचं लिस्टर, त्याचा पिस्टन द्या" असे म्हणतो, तेव्हा त्याने फार थोडे सांगितलेले असते. इंजिन डर्सलीचे की राजकोटचे, कोणत्या सालाचे, सिलिंडर पूर्वी कधी रीबोअर झाला आहे की नाही, यांपैकी काहीच त्यात येत नाही. दुकानदार जे हाताला येईल ते देतो. ते बसत नाही. आणि दोष मात्र इंजिनाला लागतो.

तर मग सुरुवात कोठून करावी? ती इंजिनापासूनच करावी. बहुतेक परदेशी यंत्रांवर पितळेची किंवा ॲल्युमिनियमची एक पाटी असते. तिच्यावर इंजिनाचा प्रकार, अनुक्रमांक, हॉर्सपॉवर आणि मिनिटाचे फेरे कोरलेले असतात. ही पाटी रंगाच्या आणि तेलाच्या थराखाली दडलेली असते. ती तारेच्या ब्रशाने किंवा पॉलिश पेपरने घासू नये. अक्षरे उथळ असतात, ती एकदा गेली की गेली. रॉकेलात किंवा डिझेलात भिजवलेली चिंधी थोडा वेळ तिच्यावर ठेवावी आणि मग हलक्या हाताने पुसावे. तरीही वाचता येत नसेल तर पातळ कागद वर धरून पेन्सिल आडवी घासावी. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून छाप काढत असू, तसाच हा प्रकार. मोबाइलने फोटो काढायचा असेल तर दिवा समोरून न धरता बाजूने तिरपा धरावा, म्हणजे अक्षरांच्या सावल्या पडतात आणि ती उठून दिसतात.

पाटीवरचा मजकूर उतरवताना जसाच्या तसा उतरवावा. शून्य आणि इंग्रजी ओ हे अक्षर, एक हा आकडा आणि आय हे अक्षर यांत घोटाळा होतो. संशय असेल तेथे प्रश्नचिन्ह टाकावे, आपल्या मनाने भर घालू नये. पाटीवर सर्वस्वी विसंबूही नये. एका इंजिनाची पाटी दुसऱ्याला लावलेली आढळते. म्हणून ओतीव भागांवरचे उठावाचे आकडे, क्रँककेसवर किंवा फ्लायव्हीलवर ठोकलेले आकडे, हेही सगळे टिपावेत. दोन ठिकाणचे अनुक्रमांक जुळले तर पाटी त्याच इंजिनाची असे समजायला हरकत नाही. न जुळले तर इंजिन दोन-तीन इंजिनांचे मिळून झालेले आहे असे समजावे, आणि प्रत्येक भाग निराळा ओळखावा.

दुसरे काम मापाचे. येथे शाळेतले गणित कामी येते. जुन्या इंग्रजी यंत्रांची मापे इंचात असतात, नव्या यंत्रांची मिलिमीटरमध्ये. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. साडेचार इंचांचे झाले ११४.३ मिलिमीटर, आणि साडेपाच इंचांचे १३९.७. आता व्हर्नियर लावून सिलिंडर मोजला आणि ११४.८ आले, तर ते निराळ्या जातीचे इंजिन आहे असे नव्हे. पिस्टनच्या रिंगा घासून सिलिंडर झिजतो आणि व्यास वाढतो. सिलिंडरच्या अगदी वरच्या कडेला, जेथे रिंग पोहोचत नाही, तेथे मूळ व्यास शिल्लक राहिलेला असतो. मोजायचे ते तेथे, आणि झिजलेल्या भागातही. दोहोंतला फरक म्हणजे झीज. पिस्टनच्या माथ्यावर एखादा आकडा ठोकलेला असेल तर तोही पाहावा. पूर्वी रीबोअर झालेल्या सिलिंडरात मोठ्या मापाचा पिस्टन घालतात आणि तो किती मोठा आहे हे पुष्कळदा माथ्यावरच लिहिलेले असते. इंची मापात ०२० असेल तर इंचाचे वीस हजारांश, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर.

आट्यांची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण सर्वात जास्त नुकसान तेथे होते. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनियराने १८४१ साली आट्यांचे ठरावीक प्रमाण सुचवले. त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट निराळा असे. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो. मेट्रिक आट्याचा कोन ६० अंशांचा. १९४८ साली इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून आणखी एक इंची प्रमाण मान्य केले, त्याचाही कोन ६० अंशांचा. आता अर्धा इंची बोल्ट घ्या. आपले मिस्त्री त्याला चार सुती म्हणतात. व्हिटवर्थ असेल तर एका इंचात १२ आटे. नव्या इंची प्रमाणातला जाड आट्याचा असेल तर १३. आणि बारा मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट असेल तर दर आट्याला पावणेदोन मिलिमीटर. हे तिन्ही बोल्ट डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसतात. एकाच्या जागी दुसरा घातला तर पहिले दोन-तीन आटे जातो आणि मग अडतो. अशा वेळी आपण काय करतो? पान्याला पाइप अडकवून जोर करतो. बोल्टचे फारसे काही जात नाही, पण ओतीव लोखंडातले आटे जातात आणि ब्लॉक कायमचा खराब होतो.

त्यावर उपाय सोपा आहे. ज्याची जात माहीत आहे असा बोल्ट संशयित बोल्टाला चिकटवून उजेडासमोर धरावा. दोघांचे दाते सबंध लांबीभर एकमेकांत बसले, मधून उजेड आला नाही, तर जात एक. आटे मोजण्याच्या पात्यांचा जुडगा मिळतो, तो शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवण्यासारखा आहे. आणि जुन्या इंग्रजी पान्यांविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. व्हिटवर्थ पान्यावर अर्धा इंच लिहिलेले असते ते बोल्टचे माप, पान्याच्या तोंडाचे नव्हे. तोंड त्याहून बरेच मोठे असते. हे माहीत नसले की माणूस पाना चुकीचा समजून बाजूला टाकतो.

तिसरी गोष्ट. कोणतेही यंत्र एका कारखान्यात सगळेच्या सगळे तयार होत नाही. बेअरिंग एकाचे, डिझेलचा पंप आणि नोझल दुसऱ्याचे, पट्टा तिसऱ्याचा. त्या प्रत्येकाने आपापल्या भागावर आपला आकडा घातलेला असतो, आणि मूळ कारखाना बंद झाला तरी ते आकडे मरत नाहीत. साध्या बॉल बेअरिंगवर ६२०५ असे लिहिलेले असले तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणावे; पाच पाचे पंचवीस, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास २५ मिलिमीटर. हा हिशेब शेवटी ०४ आणि त्यापुढचे आकडे असले म्हणजे चालतो. हे प्रमाण सगळ्या देशांत एक असल्यामुळे बेअरिंग स्वीडनचे असो की जपानचे, ६२०५च्या जागी ६२०५ बसते. व्ही पट्ट्याचेही तसेच. बी जातीच्या पट्ट्याची वरची रुंदी १७ मिलिमीटर असते, ए जातीची १३. डिझेल पंपाच्या आणि नोझलच्या अंगावरचे आकडे घेऊन तालुक्याच्या पंप-नोझल दुरुस्तीच्या दुकानात गेले, तर ते मूळ इंजिन न पाहताही बदली भाग सांगू शकतात.

ही रीत केवळ शेतीच्या इंजिनापुरती नाही. युरोपात आणि अमेरिकेत मोटारीच्या मागे जोडून न्यायचे एक लहान घर असते. आपली ट्रॅक्टरची ट्रॉली असते ना, तशाच चाकांवर एक खोली. आत झोपायला फळ्या, चूल आणि लहानसे थंड कपाट. त्याला कॅरव्हॅन किंवा ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. जर्मनीत १९५७च्या सुमारास एरिबा नावाचे असे ट्रेलर निघू लागले. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा अशी त्यांची घडण. एरिख बाखेम या इंजिनियराच्या नावातली अक्षरे घेऊन ते नाव केलेले आहे. असा जुना जर्मन ट्रेलर एखाद्या इंग्रज माणसाकडे असला तर त्यालाही आपल्यासारखीच अडचण येते. पुस्तक जर्मन भाषेत, आटे मेट्रिक, आणि मूळ घडणीचे भाग दुकानात नाहीत. मग तोही हेच करतो. सांगाड्यावरची पाटी वाचतो, आसाची पाटी वेगळी वाचतो, कारण आस दुसऱ्या कारखान्याचा असतो. चुलीची पाटी तिसरी.

चुलीच्या त्या पाटीवर गॅसचा दाब लिहिलेला असतो. जुन्या जर्मन ट्रेलरमध्ये तो ५० मिलिबार असे, तर इंग्लंडातल्या जुन्या पद्धतीत ब्यूटेनसाठी २८ आणि प्रोपेनसाठी ३७. गॅस तोच, नळी तीच, पण दाब निराळा. पाटी न वाचता इकडचे रेग्युलेटर तिकडे लावले तर ज्योत नीट जळत नाही, आणि बंद खोलीत ज्योत नीट न जळणे म्हणजे विषारी वायूची भीती. झोपण्याच्या खोलीतच ती चूल असते, हे ध्यानात घ्या. तेथे पाटीवरचा एक आकडा वाचणे हा जीव वाचवण्याचा प्रश्न होतो.

आता पुस्तकांकडे येऊ. "इंजिनाचं पुस्तक" असे आपण एका शब्दात म्हणतो, पण ती तीन निराळी पुस्तके असतात. एक चालवणाऱ्यासाठी: तेल कोणते, किती, सुरू कसे करायचे, रोज काय पाहायचे. दुसरे सुट्या भागांचे: त्यात प्रत्येक भागाचे चित्र आणि नंबर. तिसरे कारखान्यातल्या फिटरसाठी: त्यात मोकळिकीची मापे, जोडणीचा क्रम, झिजेची मर्यादा. भाग मागवायला दुसरे लागते आणि जोडायला तिसरे. पुष्कळ लोक पहिले पुस्तक मिळवतात आणि त्यात माप नाही म्हणून निराश होतात. तेव्हा शोधताना कोणते पुस्तक हवे ते नाव घेऊन मागावे, आणि आपल्या अनुक्रमांकाला कोणती आवृत्ती लागू आहे तेही पाहावे. पहिल्या पानांत बहुधा लिहिलेले असते की, अमुक नंबरापासून पुढच्या इंजिनांना हे लागू.

पुस्तकात काय मिळते याचे एक उदाहरण देतो. लिस्टरच्या या घडणीच्या पुष्कळ इंजिनांत सिलिंडरच्या डोक्याच्या बाजूला एक लहान हातचाक असते. कित्येकांना त्याचा उपयोग माहीत नसतो. कोणी ते गच्च आवळून ठेवतो, कोणी काढून तेथे बूच ठोकतो. ते चाक आत फिरवले की मागची एक लहान पोकळी बंद होते, आतल्या हवेला जागा कमी मिळते, दाब वाढतो, आणि थंड इंजिन लवकर पेट घेते. इंजिन तापून पुरा बोजा आला की ते चाक बाहेर फिरवायचे, म्हणजे दाब कमी होऊन इंजिनावर ताण पडत नाही. ही गोष्ट नुसत्या चाकाकडे पाहून कोणाला सुचणार नाही. पुस्तकात ती चार ओळींत दिलेली असते.

ही पुस्तके कोठे असतात? प्रथम ज्या घरी इंजिन आले त्या घरच्या पेटीत पाहावे. खरेदीच्या पावत्यांबरोबर, सात-बाराच्या कागदांखाली ती पुष्कळदा सापडतात. मग जुन्या विक्रेत्याकडे. मग जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या, म्हणजे आयटीआयच्या, डिझेल मेकॅनिक विभागात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या आपल्या चारही कृषी विद्यापीठांत शेती-अभियांत्रिकीचे शिक्षण आहे. तेथील ग्रंथालयांना पत्र लिहून विचारावे. इंग्लंडात जुन्या इंजिनांची हौस असणारी मंडळी पुष्कळ आहेत, आणि लिस्टरसारख्या इंजिनांच्या पुस्तकांची पुनर्मुद्रणे तिकडे विकत मिळतात. आणखी एक जागा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. यंत्राच्या पाटीवर पेटंटचा क्रमांक असेल तर त्या पेटंटचा मजकूर आणि आकृत्या सर्वांना पाहण्यासाठी खुल्या असतात. त्यात मापे मिळणार नाहीत. पण हा भाग कशासाठी आहे आणि कसा चालतो, हे स्वतः शोधकर्त्याच्या शब्दांत मिळते.

पत्र लिहिताना मात्र "आमचे इंजिन नादुरुस्त आहे, माहिती पाठवावी" असे लिहू नये. अशा पत्राला उत्तर देणार तरी काय? पाटीवरचा मजकूर, ठोकलेले आकडे, मोजलेली मापे, आणि नेमका एकच प्रश्न, एवढे लिहावे. नेमक्या प्रश्नाला उत्तर येण्याचा संभव जास्त.

चौथी जागा म्हणजे माणसे. ज्या मिस्त्रीने तीस-चाळीस वर्षे ही इंजिने खोलली आणि जोडली, त्याच्या बोटांत जे ज्ञान असते ते कोणत्याही पुस्तकात नसते. कोणता बोल्ट आधी सोडायचा, कोणता भाग तापवल्याशिवाय निघत नाही, कोणता आवाज आला म्हणजे बुश गेले, हे तोच सांगेल. पण त्याला विचारण्याचीही एक रीत आहे. "दादा, याचं माप किती?" एवढेच विचारू नये. "दादा, हे तुम्ही स्वतः केलं होतं की कोणाकडून ऐकलं? कोणत्या इंजिनावर केलं? पुढे ते किती दिवस चाललं?" असे आदराने विचारावे. जाणता मिस्त्री अशा प्रश्नाने रागावत नाही. उलट समोरचा माणूस लक्ष देऊन ऐकतो आहे हे पाहून तो अधिक मोकळेपणाने बोलतो. त्याच्याजवळ बसून शिक्षकाने ते लिहून घ्यावे. असे वडीलधारे कारागीर आपल्यातून जात आहेत, आणि त्यांच्याबरोबर जे जाते ते परत कोठून आणणार?

एवढी माहिती गोळा झाली म्हणजे ती खरी की खोटी हे पाहण्याचे काम उरते. येथे एकाच साक्षीवर विसंबू नये. एखादे माप पुस्तकात आहे आणि मिस्त्रीही तेच सांगतो, किंवा इंजिनावर मोजले तर तेच येते, म्हणजे दोन साक्षी झाल्या. एकच साक्ष असेल तर काम जपून करावे. आणि काही गोष्टी अशा आहेत की, तेथे अंदाज मुळीच चालत नाही.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे फ्लायव्हीलचे फेरे. मघाशी सांगितले की, सहा हॉर्सपॉवरचे लिस्टर मिनिटाला ६५० फेरे घेते. त्याच कारखान्याचे पुढचे आठ हॉर्सपॉवरचे इंजिन ८५० फेऱ्यांचे आहे, आणि दोघांचे सिलिंडर एकाच व्यासाचे आहेत. आता कोणाला वाटेल की, आपल्या सहाच्या इंजिनाच्या गव्हर्नरची स्प्रिंग जरा ताठ केली की आठाचे काम होईल. कागदावर हे बरोबर दिसते. पण फिरणाऱ्या चाकाला बाहेर ओढणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ८५०ला ६५०ने भागले तर सुमारे १.३१ येतात, त्याचा वर्ग करा, १.७१ येतो. फेरे तीन-दशांशाच्या जवळपास वाढले, पण चाक फाडू पाहणारा जोर सत्तर टक्क्यांहून जास्त वाढला. चाक ओतीव लोखंडाचे, त्यात कोठे जुनी चीर असेल तर ती रंगाखाली दिसत नाही. असे चाक फुटले तर त्याचे तुकडे भिंती फोडून जातात. पाटीवर जे फेरे लिहिले आहेत ती कारखान्याने घातलेली मर्यादा आहे. फेरे टॅकोमीटरने मोजून घ्यावेत आणि त्या मर्यादेच्या आत ठेवावेत. पाटीच नसेल तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय वेग वाढवू नये.

दुसरी गोष्ट नोझलची. नोझल बाहेर काढून फवारा कसा पडतो ते पाहण्याची पद्धत आहे. त्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. त्याचा दाब एवढा असतो की, डिझेल कातडी भेदून आत शिरते. वरून नुसता सुईएवढा ठिपका दिसतो, फारसे दुखतही नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पण आतले मांस सडू लागते. असे झाले तर घरगुती उपाय न करता त्याच वेळी दवाखान्यात जावे आणि डिझेल आत शिरले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

आता शेवटची गोष्ट, आणि ती मुख्यतः माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना सांगायची आहे. एका इंजिनासाठी एवढी खटपट करून माहिती मिळवली, इंजिन सुरू झाले, आणि मग ते कागद खुंटीला अडकवून ठेवले, तर दहा वर्षांनी पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. म्हणून गावाच्या वाचनालयात किंवा शाळेत एक यंत्रांची नोंदवही ठेवावी. गावात किती जुनी यंत्रे आहेत, प्रत्येकाच्या पाटीवर काय आहे, कोणत्या मापाचा पिस्टन, कोणत्या नंबरचे बेअरिंग, कोणत्या जातीचे आटे, दुरुस्ती केव्हा झाली, कोणी केली, भाग कोठून आणला, हे त्यात लिहावे. माहिती कोठून मिळाली तेही प्रत्येक ओळीपुढे लिहावे: पुस्तकातून, मोजून, की ऐकून. जे काम फसले तेही लिहावे, कारण अमुक पिस्टन बसत नाही हे कळले तरी पुढच्याचे पैसे वाचतात.

आठवी-नववीच्या मुलांना हे काम देऊन पाहा. इंच आणि मिलिमीटर, कोन, गुणोत्तर, वर्ग, हे सगळे त्यांना फळ्यावर शिकवतच असता. तेच गणित त्यांनी गुऱ्हाळावर बंद असलेल्या इंजिनाजवळ उभे राहून केले तर ते विसरणार नाहीत. पाटीवरचे इंग्रजी वाचताना इंग्रजीही येईल. आणि गावच्या मिस्त्रीकडे, ज्याला आपण केवळ काळ्या हातांचा माणूस समजतो, त्याच्याकडे शिकण्यासारखे काही आहे, हेही मुलांना कळेल. मात्र मुलांना न्यायचे ते इंजिन पूर्ण बंद आणि थंड असतानाच, आणि पट्टा उतरवून ठेवल्यावर.

श्रोतेहो, प्रत्येक जुने इंजिन वाचवावेच असे माझे म्हणणे नाही. काहींची झीज इतकी झालेली असते की, दुरुस्तीपेक्षा नवे घेणेच परवडते. पण तो निर्णय हिशेब करून घ्यावा; "सामान मिळत नाही" या एका वाक्यावर घेऊ नये. या आठवड्यात सवड मिळाली तर गोणपाट बाजूला करा, चिंधी आणि थोडे रॉकेल घ्या, आणि त्या पाटीवर काय लिहिले आहे ते एका वहीत उतरवून ठेवा. पुढचा प्रश्न कोणाला विचारायचा हे त्यावरूनच कळेल.